फ्रीमँटल: चुनखडीचे बंदर आणि एका स्मारकावरच्या दोन पाट्या

गोदीकर

मुंबईच्या गोदीत, स्थापत्य विभागात, तेहतीस वर्षे नोकरी झाल्यामुळे कोणत्याही नव्या गावी गेलो की माझे पाय आधी धक्क्याकडे वळतात. यंदा लेकीकडे ऑस्ट्रेलियातल्या पर्थला दोन महिने राहण्याचा योग आला. पर्थच्या काचेच्या उंच इमारती एका दुपारी बघून झाल्या आणि त्यानंतर लोकलने अर्ध्या तासावर असलेल्या फ्रीमँटलला मी जो जाऊ लागलो, तो परतीच्या विमानाच्या आदल्या दिवसापर्यंत जातच राहिलो. एकूण नऊ खेपा झाल्या. बाबांना तिकडे पुन्हा नोकरी लागलेली दिसते, असे जावई म्हणू लागले. या बंदराचा इतिहास मला जसा उलगडत गेला तसा इथे मांडतो आहे. ज्यांनी ते गाव पाहिले आहे त्यांनी भर घालावी आणि माझे चुकले असेल तिथे दुरुस्त करावे.

फ्रीमँटल हे स्वान नदीच्या मुखावर, हिंदी महासागराच्या काठी वसलेले आहे. इथल्या मूळ रहिवासी नुंगार लोकांपैकी वाजुक समूहाची ही भूमी. त्यांचे या जागेचे नाव वालयालप असून गावाच्या मुख्य चौकाला आता ‘वालयालप कूर्ट’, म्हणजे वालयालपचे हृदय, असे म्हणतात. कॅप्टन चार्ल्स फ्रीमँटल याने २ मे १८२९ रोजी इथे ब्रिटिश निशाण रोवले आणि पुढच्याच महिन्यात जेम्स स्टर्लिंग वसाहतवाल्यांना घेऊन ‘पारमेलिया’ जहाजातून आला. ऑस्ट्रेलिया म्हणजे काळ्या पाण्यावर पाठवलेल्या कैद्यांचा देश, असे आपण शाळेपासून ऐकत आलेलो असतो, त्यामुळे ही वसाहत कैद्यांसाठी नव्हतीच हे कळल्यावर मला पहिले आश्चर्य वाटले. जमिनीच्या आशेने आलेल्या स्वतंत्र माणसांची ती वसाहत होती. जमीन मिळाली, पण ती कसायला हात मिळेनात. वीस वर्षांत लोकसंख्या सहा हजारांच्याही पुढे सरकली नाही, तेव्हा इथल्या जमीनदारांनी आपणहून लंडनकडे कैद्यांची मागणी केली. न्यू साउथ वेल्सने १८४० मध्येच ज्या व्यवस्थेपासून सुटका करून घेतली होती, ती यांनी १८५० मध्ये मागवून घेतली!

१ जून १८५० रोजी ‘सिंदियन’ हे जहाज ७५ कैदी घेऊन बंदराबाहेर उभे राहिले. गंमत म्हणजे, कैदी येत आहेत ही बातमी आणणारे जहाज अजून वाटेतच होते. तुरुंग बांधलेला नव्हता, त्यामुळे बंदराच्या अधिकाऱ्याचे गोदाम भाड्याने घेऊन कैद्यांना त्यात ठेवावे लागले. पुढच्या अठरा वर्षांत सुमारे ९,७०० कैदी आले. ते सगळे पुरुष होते.

त्यांच्याकडूनच बांधून घेतलेला फ्रीमँटल तुरुंग हा आज जागतिक वारशाच्या यादीत आहे. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातील कैदीकालीन अकरा स्थळांची एकत्रित नोंद झाली, त्यात तो आला. टेकडीवरची चुनखडी जागच्या जागी खणायची, चिरे पाडायचे आणि त्याच खड्ड्यापाशी भिंती उभ्या करायच्या, असे काम १८५९ पर्यंत चालले. आमच्या कोकणात जांभ्याचा चिरा खाणीत मऊ असतो आणि हवा लागली की कठीण होतो. इथली चुनखडी मात्र पोटात वाळूच बाळगून असते. भिंतीवरून तळवा फिरवला की हाताला पांढरी भुकटी लागते आणि नीट पाहिले तर शिंपल्यांचे बारीक तुकडे दिसतात. वाऱ्याने किनाऱ्यावर रचलेली वाळूच पुढे घट्ट होऊन हा दगड झाला आहे. सुरुवातीच्या कोठड्या सुमारे सात फूट लांब आणि चार फूट रुंद. मी दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकले, पुरते पसरताही आले नाहीत. कोठडीत नळ नाही, संडास नाही, फक्त बादली; आणि ही बादली १९९१ मध्ये तुरुंग बंद होईपर्यंत चालू होती हे ऐकून मी मार्गदर्शक बाईंना वर्ष पुन्हा विचारून घेतले. तुम्ही-आम्ही घरी रंगीत दूरदर्शन पाहत होतो तेव्हा!

एका कोठडीपुढे मी बराच वेळ उभा होतो. जेम्स वॉल्श नावाच्या, बनावट दस्तऐवज केल्याबद्दल शिक्षा झालेल्या कैद्याने तिच्या भिंतींवर चित्रे काढली होती. वर चुन्याचे हात बसत गेले आणि चित्रे शंभरेक वर्षे झाकली गेली. १९६४ मध्ये चुन्याचा पोपडा सुटला आणि खालून रेखाटने बाहेर आली. योगायोग असा की त्याच वर्षी या तुरुंगात शेवटची फाशी झाली.

समुद्राच्या टोकावर असलेले ‘राउंड हाउस’ याहून जुने आहे. नाव गोल असले तरी त्याला बारा बाजू आहेत. १८३१ च्या जानेवारीत ते वापरात आले आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातील उभ्या असलेल्या सार्वजनिक इमारतींत ते सर्वांत जुने मानले जाते. वसाहत येऊन दोन वर्षेही झाली नव्हती आणि पहिली पक्की सार्वजनिक इमारत कोणती, तर कैदखाना. त्याच्याच खालून १८३७ च्या सुमारास देवमाशांच्या शिकारीच्या कंपनीने किनाऱ्यापासून गावात जाण्यासाठी बोगदा खणला. रोज दुपारी एक वाजता तिथे तोफ उडवतात. जहाजांना घड्याळे जुळवता यावीत म्हणून पूर्वी हा इशारा दिला जाई आणि आता स्वयंसेवक ती प्रथा चालवतात. पहिल्या खेपेला मी एका सहल कंपनीच्या बसने गेलो होतो. तिने आम्हाला एक वाजून दहा मिनिटांनी तिथे उतरवले आणि ‘तोफ आता उद्या’ असे शांतपणे सांगितले. त्यानंतर मी लोकलनेच गेलो.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय. आज फ्रीमँटलचे धक्के नदीच्या आत आहेत, पण १८९० पर्यंत नदीच्या मुखात चुनखडीचा आडवा बांधच होता. निसर्गाने घातलेल्या त्या उंबरठ्यामुळे मोठे जहाज आत येऊच शकत नसे. ते उघड्या समुद्रात नांगर टाकी किंवा समुद्रात काढलेल्या लांब धक्क्याला लागे, आणि वारा फिरला की हाल होत. टपालाच्या आगबोटी तर फ्रीमँटलला येतच नसत. त्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ऑल्बनीला थांबत. बंदरबांधणीतले त्या काळातले मोठे नाव, सर जॉन कूड, यांचे मत असे होते की नदीचे मुख फोडले तरी किनाऱ्याने सरकणारी वाळू ते भरून काढील, त्यामुळे बंदर बाहेर समुद्रातच करावे. १८९१ मध्ये न्यूझीलंडहून आलेला आयरिश अभियंता चार्ल्स यलव्हर्टन ओ’कॉनर याने नेमके याच्या उलट सांगितले. त्याने वाळूच्या हालचालीची निरीक्षणे मांडली, इथे कूडच्या भीतीइतकी वाळू सरकत नाही असे दाखवले आणि शेवटी सरकारला पटवले.

मग कातळ सुरुंगाने फोडला, तळ तीस फुटांपर्यंत खणून काढला आणि मुखाच्या दोन्ही बाजूंनी दगडी बांध समुद्रात घातले. ४ मे १८९७ रोजी ‘सुलतान’ ही आगबोट आत आली आणि १९०० पासून टपालाच्या बोटी ऑल्बनी सोडून इकडे वळल्या. दक्षिणेकडच्या बांधाच्या टोकाशी उभा राहून मी नदीचे मुख पाहत होतो, तेव्हा मुंबईची आठवण एका वेगळ्याच कारणाने झाली. आपल्याकडे भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो, म्हणून गोदीला दरवाजे लावून आत पाणी कोंडावे लागते. आमच्या खात्याचे निम्मे आयुष्य त्या दरवाजांच्या डागडुजीत गेले. इथे हा फरक मीटरभरही नसतो. नदीला लागूनच सरळ धक्का बांधायचा आणि जहाज लावायचे. मत्सर वाटावा असे बंदर आहे.

ओ’कॉनरचा शेवट मात्र वाईट झाला. कूलगार्डी आणि कालगुर्ली इथे सोने सापडल्यावर तिथे पिण्याला पाणी नव्हते, म्हणून पर्थजवळच्या डोंगरातून सुमारे साडेपाचशे किलोमीटर लांबीच्या नळाने, वाटेत आठ ठिकाणी उपसा करून, पाणी चढवण्याची योजना त्याने आखली. वर्तमानपत्रांनी आणि विधिमंडळातल्या विरोधकांनी त्याच्यावर झोड उठवली, अगदी भ्रष्टाचाराचे आरोप केले. १० मार्च १९०२ रोजी सकाळी तो घोड्यावर बसून फ्रीमँटलच्या दक्षिणेच्या किनाऱ्यावर गेला आणि तिथे त्याने आयुष्य संपवले. पुढच्या जानेवारीत पाणी सोनखाणींपर्यंत पोचले. त्याचा पुतळा बंदरावर आहे. तो पिएत्रो पोर्चेल्ली या इटालियन शिल्पकाराचा आहे.

पोर्चेल्लीचे नाव मुद्दाम घेतले, कारण मला ज्याविषयी खरे तर लिहायचे आहे ते एस्प्लनेड बागेतले स्मारकही त्याच्याच हातचे आहे. पहिल्या तीन खेपांत मी त्याच्यापाशी बाकावर बसून डबा खाल्ला आणि ते वाचले नाही. १९१३ मध्ये उभारलेल्या या स्मारकावर मेटलंड ब्राउन याचा अर्धपुतळा आहे. पँटर, हार्डिंग आणि गोल्डवायर हे तीन शोधप्रवासी १८६४ मध्ये उत्तरेकडे ला ग्रेंज उपसागराजवळ मारले गेले. मूळ पाटी सांगते की ‘विश्वासघातकी’ आदिवासींनी रात्री हल्ला करून त्यांची हत्या केली. १८६५ मध्ये ब्राउनने तुकडी नेऊन त्यांचे मृतदेह शोधून आणले, हा त्याचा गौरव. त्या मोहिमेत सुमारे वीस आदिवासी मारले गेले. त्याविषयी पाटीवर अवाक्षर नाही.

त्याच चौथऱ्यावर खालच्या बाजूला १९९४ मध्ये दुसरी पाटी बसवली गेली. ती ला ग्रेंजच्या लोकांच्या, म्हणजे बिड्याडांगा इथल्या वंशजांच्या पुढाकाराने लागली. हे स्मारक आम्हाला अपमानकारक वाटते, ते केवळ गोऱ्या वसाहतवाल्यांच्या बाजूने घटना सांगते, त्यामागच्या चिथावणीचा आणि आपली भूमी राखण्याच्या हक्काचा ते उल्लेख करत नाही, अशा आशयाचा मजकूर तिच्यावर आहे. शेवटी ‘आम्हाला विसर न पडो’ हे शब्द आहेत. ऑस्ट्रेलियात हे शब्द सैनिकांच्या स्मारकांवर लिहितात. ते इथे, या लोकांसाठी, कोरलेले पाहून मी पुन्हा वरची पाटी वाचली, मग खालची वाचली, आणि त्या दिवशीची बाकीची भटकंती राहून गेली.

जुनी पाटी काढली नाही, झाकली नाही, तिच्याखाली उत्तर लिहिले. मला ही रीत पटली. तुम्हाला काय वाटते?

पर्थवासी

गोदीकर काका, लेख आवडला. मी इथे चौदा वर्षे राहतो आणि इतक्या वर्षांत ती दुसरी पाटी एकदाच वाचली आहे, हे प्रामाणिकपणे सांगतो.

एक भर घालतो. राउंड हाउस हे केवळ वसाहतीच्या चोराचिलटांचे कोठार नव्हते. दूरदूरच्या प्रदेशांतून साखळदंड घालून आणलेल्या आदिवासींना तिथे ठेवत आणि तिथून होडीने समोरच्या रॉटनेस्ट बेटावर नेत. बेटाचे नुंगार नाव वाजेमप. १६९६ मध्ये विलेम द व्लामिंग या डच दर्यावर्दीने तिथले क्वोका प्राणी पाहून त्यांना उंदीर समजून ‘उंदरांचे घरटे’ असे नाव दिले. आज पर्यटक त्याच क्वोकांबरोबर हसरी छायाचित्रे काढायला जातात. त्या बेटावर १८३८ पासून आदिवासींचा तुरुंग होता आणि सक्तमजुरी तर १९३१ पर्यंत चालली. सुमारे चार हजार पुरुष आणि मुलगे तिथे नेले गेले. त्यांपैकी किमान ३७३ जण तिथेच पुरले गेले आहेत. त्या दफनभूमीवर कित्येक वर्षे सुट्टीवाल्यांचे तंबू लागत होते आणि तुरुंगाची अष्टकोनी इमारत २०१८ पर्यंत पर्यटकांची निवासस्थाने म्हणून भाड्याने दिली जात होती. माझ्या मित्रांनी त्यात रात्र काढली आहे, आणि आपण कुठे झोपलो होतो हे त्यांना नंतर कळले.

हलका मुद्दा: आपल्यापैकी पुष्कळांनी फ्रीमँटल हे नाव पहिल्यांदा क्रिकेटच्या समालोचनात ऐकले असेल. दुपारी समुद्राकडून येणाऱ्या गार वाऱ्याला ‘फ्रीमँटल डॉक्टर’ म्हणतात. पर्थच्या वाका मैदानावर तो सुटला की एका टोकाकडून चेंडू टाकणाऱ्याची चंगळ होते. मात्र उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या दुपारी तो आला की घरोघर खिडक्या उघडतात, तेव्हा हे नाव का पडले ते क्रिकेटशिवायही समजते.

वाचनवेडा

जहाजांच्या अवशेषांचे संग्रहालय आपण पाहिले असणारच, मग त्याविषयी एक ओळही कशी नाही? डच ईस्ट इंडिया कंपनीचे ‘बटाव्हिया’ हे जहाज ४ जून १६२९ रोजी आबरोलोस बेटांच्या प्रवाळखडकावर फुटले. त्याच्या सांगाड्याचा समुद्रतळातून काढलेला मोठा भाग तिथे जोडून उभा केलेला आहे. आपल्या वाचकांना विशेष वाटावे असा दुवा असा की जहाजाचा प्रमुख फ्रान्सिस्को पेल्सार्ट हा त्याआधी सुमारे सात वर्षे आग्र्याला कंपनीचा व्यापारी होता. जहांगीरच्या काळातील आग्रा, नीळ, बाजारभाव आणि सामान्य माणसाचे दारिद्र्य यांचे त्याने करून ठेवलेले वर्णन मुघल काळाचे अभ्यासक आजही वापरतात. मुघल दरबारात खपतील अशा चांदीच्या वस्तू आणि एक मोठे प्राचीन कोरीव रत्न त्या जहाजावर होते. म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या ओसाड बेटावर जो माल जाऊन पडला, त्यातला काही आग्र्याच्या गिऱ्हाइकासाठी होता.

पुढची कथा भीषण आहे. पेल्सार्ट पाण्याच्या शोधात होडी घेऊन निघाला, पाणी मिळेना म्हणून थेट जावापर्यंत गेला, आणि मदत घेऊन परतेपर्यंत येरोनिमस कॉर्नेलिस या त्याच्याच हाताखालच्या माणसाने टोळी जमवून बेटांवरच्या शंभराहून अधिक स्त्री-पुरुष-मुलांची कत्तल केली होती. विब्बे हेस नावाच्या साध्या शिपायाने शेजारच्या बेटावर काही लोकांना घेऊन प्रतिकार केला, म्हणून उरलेले वाचले.

गोदीकर

वाचनवेडा, तुमचा आक्षेप मान्य. संग्रहालय पाहिले, पण मी तिथे माझ्या पद्धतीने पाहिले, म्हणजे फळ्या कशा जोडल्या आहेत तेवढेच. ओकाच्या काळ्या पडलेल्या फळ्या दोन थरांत बसवलेल्या आहेत आणि खाली बाकावर बसून वर पाहिले की आपण जहाजाच्या पोटाशी बसलो आहोत असे वाटते. पेल्सार्टचे नाव फलकावर वाचले होते, पण तो आग्र्याचा, हे डोक्यात शिरले नव्हते. पुढच्या वेळी त्या रत्नाच्या हकिकतीसाठी पुन्हा जाईन. ज्या इमारतीत हे संग्रहालय आहे तीही कैद्यांनीच बांधलेली सरकारी कोठाराची इमारत आहे. चिरे तेच, पांढरी भुकटी तीच.

मृदगंधा

लेख माहितीपूर्ण आहे, पण शेवटच्या मुद्द्याशी मी सहमत नाही. अर्धपुतळा वर, उंचावर. उत्तर खाली, गुडघ्याच्या पातळीवर. रस्त्याने जाणाऱ्याला ब्राउन दिसतो आणि बिड्याडांगाचे लोक दिसण्यासाठी वाकावे लागते. आपण स्वतः तीन खेपा तिथे डबा खाल्ला आणि पाटी वाचली नाही, हे आपणच लिहिले आहे. मग त्या उत्तराचा उपयोग किती? कत्तल करणाऱ्याचा पुतळा संग्रहालयात हलवावा आणि बागेत दुसरे काही उभारावे, असे मला वाटते. समजूतदारपणाच्या नावाखाली ही पळवाट तर नाही ना?

पर्थवासी

मृदगंधा, या प्रश्नावर इथेही एकमत नाही. २६ जानेवारी हा इथला ‘ऑस्ट्रेलिया दिन’, ब्रिटिश वसाहतीच्या प्रारंभाचा, आणि म्हणून अनेक आदिवासींसाठी शोकाचा. २०१७ मध्ये फ्रीमँटल नगरपालिकेने त्या दिवशीची आतषबाजी रद्द करून दोन दिवसांनी, २८ तारखेला, सर्वांना सामावून घेणारा वेगळा कार्यक्रम केला. त्यावरून देशभर गदारोळ झाला आणि केंद्र सरकारपर्यंत प्रकरण गेले. माझे मत असे की पुतळा हलवला असता तर खालची पाटीही त्याच्याबरोबर गोदामात गेली असती आणि माझी मुलगी, जिच्या शाळेची सहल मुद्दाम त्या दोन पाट्यांसाठी नेली होती, तिला ब्राउन कोण हेच कळले नसते. तिने घरी येऊन मला प्रश्न विचारले, तेव्हाच मी जाऊन ती पाटी वाचली. वर मी एकदाच वाचली म्हणालो, ती हीच वेळ.

जहाजी

व्यापारी जहाजावर असताना फ्रीमँटलला चार वेळा लागलो आहे. वैमानिकाला धावपट्टीवरून शहर कळत नाही, तसेच आमचे. म्हणून गावातल्या इतिहासावर बोलत नाही. पण सुटकेच्या एका हकिकतीचा उल्लेख झाल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही.

कैद्यांचे शेवटचे जहाज जानेवारी १८६८ मध्ये आले. त्यावर ६२ फेनियन, म्हणजे आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी उठाव करणारे, होते. त्यांतले जे ब्रिटिश सैन्यात राहून उठावात सामील झाले होते त्यांना माफी मिळाली नाही. अमेरिकेतल्या आयरिश लोकांनी वर्गणी काढून ‘कॅटाल्पा’ नावाचे देवमाशांच्या शिकारीचे जहाज विकत घेतले आणि कॅप्टन जॉर्ज अँथनीच्या हाती दिले. जॉन ब्रेस्लिन हा त्यांचा माणूस श्रीमंत अमेरिकन व्यापारी बनून आधीच फ्रीमँटलला येऊन राहिला. त्याने तुरुंगही पाहुणा म्हणून हिंडून पाहिला! १७ एप्रिल १८७६ रोजी, ईस्टरच्या सोमवारी, तुरुंगाबाहेर कामावर असलेले सहा कैदी घोडागाड्यांतून दक्षिणेला रॉकिंगहॅमच्या किनाऱ्यावर पोचले आणि तिथून वल्ह्यांच्या होडीने निघाले. रात्र वादळात उघड्या होडीत काढून ते दुसऱ्या दिवशी जहाजावर चढले. ‘जॉर्जेट’ ही आगबोट तोफ घेऊन पाठलागावर आली, तेव्हा अँथनीने डोलकाठीवरच्या अमेरिकी निशाणाकडे बोट दाखवले आणि आपण खुल्या समुद्रात आहोत असे बजावले. जॉर्जेट परत फिरली. त्या ऑगस्टमध्ये सहाही जण न्यूयॉर्कला उतरले.

दर्यावर्दी म्हणून मला त्यातली रात्रीची होडी जास्त भिडते. तो किनारा मी वाऱ्यात पाहिलेला आहे. उघड्या होडीत, रात्री, त्या लाटांत जायला मी तयार झालो नसतो.

जाता जाता: इथला जॅरा नावाचा लालसर, जड लाकडाचा वृक्ष या राज्यातून हिंदुस्थानात रेल्वेच्या रुळांखालच्या स्लीपरांसाठी मोठ्या प्रमाणात जात असे, कारण त्याला वाळवी सहसा लागत नाही. आपल्या जुन्या रूळमार्गांखाली कुठे ना कुठे पश्चिम ऑस्ट्रेलिया पडून असेल.

मीनल_दूरदेशी

भारताशी असलेला आणखी एक दुवा नोंदवते. १५ ऑगस्ट १९४७ रोजी ‘मनूरा’ हे ऑस्ट्रेलियन नौदलाचे जहाज फ्रीमँटलला लागले. त्यावर सुमारे सातशे अँग्लो-इंडियन होते आणि ते मुंबईहून निघाले होते. देश स्वतंत्र होत होता त्याच दिवशी ही माणसे नव्या देशाच्या पहिल्या बंदरात उतरत होती. तेव्हा ऑस्ट्रेलियात गोऱ्यांनाच प्रवेश देण्याचे धोरण होते. प्रवाशांचा वर्ण पाहून अधिकारी चपापले आणि त्यानंतर अँग्लो-इंडियन अर्जदारांसाठी नियम अधिक कडक केले गेले.

माझ्या पर्थच्या शेजारीण आजी लहानपणी अशाच एका बोटीने, काही वर्षांनंतर, भायखळ्याहून इथे आल्या. समुद्री संग्रहालयाबाहेर, समुद्रमार्गे आलेल्या स्थलांतरितांची नावे कोरलेल्या भिंती आहेत. त्यांच्या मुलांनी आईवडिलांचे नाव तिथे कोरून घेतले आहे. एका रविवारी त्या मला घेऊन गेल्या. नाव सापडायला वेळ लागला, कारण त्या चष्मा विसरल्या होत्या. सापडल्यावर त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवले आणि मला हिंदीत विचारले, “भायखळा स्टेशन अजून तसेच आहे का?” मी हो म्हटले. स्थानकाची जुनी इमारत आहेच, हे खोटे नाही.

गोदीकर काका, आपण त्या भिंती पाहिल्या का?

गोदीकर

मीनलताई, भिंती पाहिल्या. पण आपले नाव त्यांत असू शकते हे मनातच आले नाही, त्यामुळे इटालियन आणि डच नावे वाचत पुढे गेलो. मनूराची हकिकत माझ्यासाठी नवी आहे. ज्या बंदरातून ते जहाज सुटले तिथे मी तेहतीस वर्षे हजेरी लावली आणि हे कोणाकडून ऐकले नाही.

मृदगंधाताईंचा मुद्दा डोक्यात घोळतो आहे. पाटी गुडघ्याच्या उंचीवर आहे हे खरे, आणि मी ती वाचली नव्हती हेही खरे. माझे मत मी मागे घेत नाही, पण ‘ही रीत मला पटली’ असे जे एका वाक्यात लिहून मोकळा झालो, ते इतके सोपे नव्हते.

शेवटच्या खेपेला मी दक्षिणेच्या किनाऱ्यावर गेलो, जिथे ओ’कॉनर गेला होता. तिथे टोनी जोन्स या शिल्पकाराने १९९९ मध्ये समुद्रातच घोडा आणि स्वार उभे केले आहेत. काठापासून थोडे आत, पाण्यात. भरती-ओहोटीचा फरक कमी असल्याने पाणी फारसे वरखाली होत नाही, लाट आली की तेवढे घोड्याच्या अंगावरून जाते. एक मुलगा पोहत गेला, घोड्याच्या मानेला धरून लोंबकळला आणि आईने हाक मारल्यावर परत आला. डॉक्टर वारा सुटला होता. उत्तरेला बंदराच्या याऱ्या दिसत होत्या आणि कंटेनरचे एक जहाज त्या फोडलेल्या उंबरठ्यावरून सावकाश आत शिरत होते. ते पूर्ण आत जाईपर्यंत थांबलो आणि मग गाडी पकडली.

जहाजी, जॅराच्या स्लीपरांविषयी: आमच्या गोदीच्या जुन्या रुळांखाली लालसर लाकूड होते, ते काढताना करवतीचे दात जायचे. ते जॅराच होते का, हे आता जुन्या सहकाऱ्यांना विचारतो आणि इथेच कळवतो.